धाकटीला सांगितलेला ओमान

पाथरीच्या बाजारात कुणी लोबान, म्हणजे ओमानकडचा तो सुगंधी डिंक, जाळला की मला धाकट्या बहिणीची ओमानला निघायची तयारी आठवते. तिला तिथल्या एका दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती. मी शाळेत भूगोल शिकवायचे, नकाशावर पोरांना अख्खं जग दाखवायचे, पण स्वतः जिल्ह्याबाहेर फारशी गेले नव्हते. आणि जिला नकाशात ओमान शोधायलाही मी लागत होते, ती विमानात बसणार होती. माझा नुसता जळफळाट होत होता. बॅग भरता भरता ती म्हणाली, "आक्का, तू पोरांला शिकवतीस, सांग ना, कसा देश हाय?" मी म्हणाले, "लय ऊन. जिकडंतिकडं वाळू. अंगभर कपडे घाल, पासपोर्ट जप. शुक्रवारी सुट्टी, पण बोलायला माणूस न्हाई." समुद्राचं, पाहुण्याला कॉफी-खजूर दिल्याशिवाय न सोडणाऱ्या माणसांचं मी सांगितलंच नाही. ती जाणार होती त्या दक्षिण भागात पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात, हेही मला ठाऊक होतं. बसस्टँडवर ती घाबरून माझ्या गळ्यात पडून रडली. पुढं जुलैत तिचा व्हिडिओ कॉल आला. धुक्यातल्या हिरव्यागार डोंगरावर उंट चरत होते. "आक्का, बघ की! तुला बी माहीत नव्हतं का गं?" मी म्हणाले, "न्हाई गं." आजही माहेरी सगळे जमलो की ती हे हसत सांगते, आमच्या आक्कालासुद्धा माहीत नव्हतं म्हणून, आणि मीही सगळ्यांबरोबर हसते.