बिल्टीची मागची बाजू

नागपुरात सदरमधल्या एका बुटांच्या दुकानाचा विषय निघाला की मी पटकन दुसरंच काहीतरी बोलायला लागतो — उन्हाबद्दल, संत्र्याच्या बहराबद्दल, काहीही. बायकोच्या हे लक्षात आलं आहे. तिला वाटतं, तिथे माझी काहीतरी जुनी भानगड असावी. भानगड असती तर फार बरं झालं असतं हो! जे आहे ते मी तिला सांगितलेलं नाही, मुलांना नाही; देवासमोर हात जोडतानासुद्धा तेवढं सोडून बाकीचं आठवतो. मग तुम्हालाच का सांगतोय? ते मलाही नीट कळत नाही. तुम्ही मध्येच 'जाऊ द्या, होतं असं' म्हणू शकत नाही, म्हणूनही असेल.

पण आधी त्यातली मजा सांगू द्या. कारण मजा होती — इतकी होती की आज या वयातही आठवलं की खुर्चीत नीट बसवत नाही.

बासष्टची चीनशी लढाई होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मी वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होतो. दिवसभर बिल्ट्या लिहायच्या — ट्रकने माल पाठवला की जी पावती देतात ती बिल्टी — आणि ड्रायव्हर लोकांच्या शिव्या ऐकायच्या. बी.ए.ला मोठ्या हौसेने इंग्रजी घेतलं होतं आणि दोनदा आपटलो होतो. तरी काखेत इंग्रजी पेपर असायचाच, शिळा का होईना. एकदा सदरला बुटाचा तळ शिवून घेताना मी तो वाचत बसलो होतो. दुकान ल्यूभाऊंचं. चिनी कुटुंब, वडील कलकत्त्याहून आलेले, ल्यूभाऊ इथेच वाढलेले. लढाईनंतर त्यांनी पाटीवरचं स्वतःचं नाव पुसून टाकलं होतं, नुसतं 'शू मेकर' ठेवलं होतं. त्यांनी माझ्या पेपरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात फडक्याला पुसून म्हणाले, "सरजी, मेरी बच्चियों को ये पढ़ना सिखा दोगे?"

सरजी! मला आयुष्यात कोणी पहिल्यांदाच सरजी म्हणत होतं. मी विचार करायला एक दिवसही मागून घेतला नाही. लगेच हो म्हणालो.

दोन मुली. सुलान नऊ वर्षांची, मिनलान सहाची. घरात चिनी बोलायच्या, बापाशी अर्धं हिंदी, आणि गल्लीत अशी ठसठशीत नागपुरी की आमच्या काटोलच्या मामीने कान टवकारावेत. सुलान जवळच्या मराठी शाळेत जायची. तिथे लढाईच्या रागापायी तिच्या बाकावर कोणी बसत नव्हतं. मुलं काय काय ओरडायची ते मी लिहीत नाही. म्हणून ल्यूभाऊंनी ठरवलं होतं — पोरीला या शाळेतून काढायचं. जवळच नन्सची इंग्रजी शाळा होती. तिथल्या मोठ्या सिस्टरने त्यांना सांगितलं होतं की मुलीला न बघितलेलं पान वाचता आलं पाहिजे, आणि वयाची अकरा वर्षं पूर्ण व्हायच्या आत आणलं पाहिजे. एकदाच परीक्षा घेऊ. तिचे शिकवणारे म्हणतील तेव्हा घेऊन या. शिकवणारे म्हणजे कोण? — मी.

दुकानाच्या मागच्या खोलीत आमचा वर्ग भरायचा. चामड्याचा आणि तळ चिकटवायच्या सोल्यूशनचा वास, कोपऱ्यात शिलाईचं मशीन, आणि मी! माझ्याकडे पुस्तक नव्हतं. पण गोदामात खोक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या होत्या की — उरलेल्या, फाटलेल्या, उलट्या छापलेल्या. मी खिसे भरभरून आणायचो. 'धिस साइड अप'. 'कीप ड्राय'. 'फ्रॅजाइल'. 'हॅंडल विथ केअर'. आम्ही त्या घरभर चिकटवल्या. 'कीप ड्राय' पाण्याच्या माठावर. 'फ्रॅजाइल' त्यांच्या आईच्या बशांच्या फळीवर. 'धिस साइड अप' झोपलेल्या मिनलानच्या पाठीवर! त्यांची आई, जिला माझ्याशी बोलायला एकही भाषा नव्हती, ती हसून हसून खाली बसली होती. महिन्याभरात सुलान एका चिठ्ठीतला शब्द सोडवून दुसऱ्या चिठ्ठीत बसवायला लागली. 'कीप धिस साइड ड्राय.' 'हॅंडल मिनलान विथ केअर.' हे मी शिकवलं नव्हतं हो! हे तिने स्वतः केलं होतं. मी घरी सायकल चालवत गेलो की उडत गेलो, मला आठवत नाही.

मग पाट्या. रविवारी दोघींना घेऊन मी सदरभर हिंडायचो आणि सुलान एकेक पाटी मोठ्याने वाचायची. मी ओठ हलवले की पाय आपटायची. "मी वाचून राहिली नं सर, तुम्ही सांगू नका!" रस्त्यातले लोक बघायचे — चिनी पोरगी, नागपुरीत भांडते आणि इंग्रजी पाट्या वाचते. माझी छाती फुगायची. गोदामात मला कोणी विचारत नव्हतं, घरी दोनदा नापास झालेला मी, आणि इथे — संध्याकाळी सहाला — मी कोणीतरी होतो.

आता हळूहळू तिकडे येतो. येतोच.

दीड वर्ष झालं असेल. फेब्रुवारी होता. ल्यूभाऊंनी बूट गुंडाळायला आणलेल्या रद्दीतलं एक पान सुलानने उचललं आणि वाचायला सुरुवात केली. सावनेरकडच्या एका विहिरीत बिबट्या पडला होता आणि गावकऱ्यांनी दोराने खाट खाली सोडून त्याला वर काढलं होतं, त्याची बातमी. मी सांगितलेलं नव्हतं, तयारी नव्हती, काही नाही. ती वाचत गेली. दोन ठिकाणी अडखळली, मागे आली, पुन्हा वाचलं, पुढे गेली. आणि संपल्यावर ती आईकडे वळली आणि सगळं चिनीत सांगायला लागली — दोर, खाट, गावकरी. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण बिबट्या खाटेवर चढला असणार त्या जागी बरोबर आईने तोंडावर हात नेला. पोरीला नुसतं वाचता येत नव्हतं, तिला कळत होतं! मी उभा राहिलो. टाळ्या वाजवल्या. आयुष्यात इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या कुठल्याही निकालाने दिला नाही.

आणि त्याच क्षणी — बघा, त्याच क्षणी — मनात आलं. आता ही शाळेत जाणार. तिथे सिस्टर शिकवतील. मग सहा वाजता मी कुठे जायचं?

ही एवढीशी गोष्ट. तुम्हाला वाटत असेल, यात एवढं काय? थांबा.

ल्यूभाऊ दर शनिवारी आत यायचे. हात धुऊन, फडक्याला पुसून, भिंतीला टेकून उभे राहायचे आणि पोरीचं वाचन ऐकायचे. त्यांना इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ते फक्त तिचा आवाज ऐकायचे आणि माझा चेहरा बघायचे. मग विचारायचे, "सरजी, हो गया?" मार्चमध्ये मी म्हणालो, अजून थोडं कच्चं आहे. एप्रिलमध्ये म्हणालो, घाई नको. मे आला. सुलानला ऑगस्टमध्ये अकरा वर्षं पूर्ण होणार होती. परीक्षा जूनमध्ये. ल्यूभाऊंनी मला हे स्वतः बोटांवर मोजून सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. मला माहीत होतं.

त्या शनिवारी मी खिशात एक बिल्टी घेऊन गेलो. तुम्ही बिल्टीची मागची बाजू कधी बघितली आहे? पुढे माल, गाव, वजन. मागे मुंगीएवढ्या अक्षरात कायद्याच्या अटी — माल बुडाला, जळाला, चोरीला गेला तर कंपनी कशी जबाबदार नाही, ते वकिली इंग्रजीत. पंधरा ओळींचं एक वाक्य. आमच्या मालकालाही ते वाचता येत नव्हतं. मला येत होतं? अर्धं. ते मी सुलानसमोर ठेवलं. बाप भिंतीशी उभा. म्हटलं, "वाच बेटा, हे साधंच आहे."

साधंच आहे, म्हणालो मी.

तिने सुरुवात केली. पहिल्या ओळीत अडली. मागे आली. पुन्हा अडली. तिने बोट ठेवलं, शब्द तोडला, जोडला, जमलं नाही. मग तिने माझ्याकडे बघितलं. ओठ हलवा म्हणून — जी पोरगी मी ओठ हलवले की पाय आपटायची! मी ओठ हलवले नाहीत. मी खिडकीकडे बघत होतो. ती थांबली. मी ल्यूभाऊंकडे वळून मान हलवली. इतकंच.

ल्यूभाऊ चिडले नाहीत. त्यांनी सुलानच्या डोक्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "आपने बहुत मेहनत की सरजी. इसका दिमाग ही उतना है." त्यांनी माझे आभार मानले हो. ती बिल्टी मी परत खिशात घातली आणि सुलानच्या आईने दिलेला चहा प्यायलो.

जून गेला. मी शिकवायला जात राहिलो, ज्यासाठी हे केलं ते मला मिळालं. पण कसं मिळालं, ऐकायचं आहे? सुलान आता प्रत्येक शब्दाआधी थांबायची. "बरोबर हाय नं सर?" साधा 'ड्राय' वाचायचा तरी, "बरोबर हाय नं?" पाट्या वाचणं बंद झालं. दिवाळीनंतर एक दिवस गेलो तर ती कोपऱ्यातल्या मशीनवर बसली होती, बुटाचं वरचं कातडं शिवत. वर न बघता म्हणाली, "मिनलानले शिकवा सर. मले जमत नाही तं काहून टाइम घालवता?" आणि मी मिनलानला शिकवायला बसलो. त्या मशीनचा आवाज ऐकत.

पुढच्या वर्षी ल्यूभाऊंनी मला न विचारताच मिनलानला सिस्टरकडे नेलं. पान वाचलं, नाव लागलं. लोक म्हणाले, सरांचे कष्ट. माझे? सांगून टाकतो — मी नसताना मशीनच्या बाजूला बसवून धाकटीला रोज वाचायला शिकवत होती ती सुलान. ते मला मिनलाननेच सांगितलं, पेढा देताना. तेव्हा तरी बोलायचं ना? ल्यूभाऊ समोर उभे होते. मी पेढा खाल्ला. शिकवणी संपली.

मग मी सदर टाळायला लागलो. लग्न झालं, नोकरी बदलली, मुलं झाली. पंचवीसेक वर्षं मी तिकडे फिरकलो नाही. आणि एक दिवस कामासाठी जावंच लागलं, आणि नेमका त्या रस्त्यावर चपलेचा अंगठा तुटला. दुसरं दुकान जवळ नव्हतं. ल्यूभाऊ वारले होते. गल्ल्यावर सुलान. केस थोडे पांढरे, हात ल्यूभाऊंसारखे. तिने मला लगेच ओळखलं. "सर! किती वर्षांनी आले जी!" स्टूल पुसलं, चहा सांगितला, चप्पल स्वतः शिवायला घेतली. मिनलान कॅनडात असते म्हणाली. नर्स आहे. पत्रं पाठवते, इंग्रजीतून. धाकटीला चिनी लिहिता येत नाही आणि मराठी विसरली. शेजारचा औषधवाला वाचून दाखवतो, पण आज तो गावाला गेला आहे.

"तुम्हीच वाचा नं सर. मले इंग्रजी कुठं येते, तुमाले तं माहीतच हाय."

मी पत्र उघडलं. ती बाजूला उभी राहून माझ्या खांद्यावरून बघत होती. मी मोठ्याने वाचत होतो आणि मराठीत सांगत होतो. मिनलान बर्फावरून घसरली होती, आणि तिला उचलायला आलेले मोठे डॉक्टर तिच्यावरच पडले होते. पण डॉक्टरांच्या ओळीपर्यंत मी पोचलोच नव्हतो. मी अजून बर्फावर होतो — आणि सुलान हसली.

माझ्या आधी हसली. एक ओळ आधी.

मी थांबलो. तिला स्वतःला कळलंच नव्हतं. ती डोळे पुसत म्हणाली, "थांबले काहून सर? वाचा नं." तीन शब्द होते माझ्याजवळ. तुला वाचता येतं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, कोणी नव्हतं. मी ते म्हणालो नाही. मी डॉक्टरांची ओळ वाचली, मराठीत सांगितली, आणि ती पुन्हा हसली, नम्रपणे, आत्ताच कळल्यासारखी.

पुढचं पत्र आलं तेव्हा तिने औषधवाल्याकडे नेलं नाही, मला निरोप पाठवला. संध्याकाळी सहाला या म्हणाली. मी गेलो. हेही लिहितो — मी खुशीत गेलो, सायकल जोरात हाणत, धुतलेला सदरा घालून. ती दारातच उभी होती. "या सर," म्हणाली. मी आत गेलो आणि पत्र वाचून दाखवलं. त्यानंतरची सगळी मीच वाचली.