वडिलांच्या नावावरची देणगी

माझ्या वडिलांनी मरणानंतर चौथ्या वर्षी एका राजकीय पक्षाला पंचवीस हजार रुपये देणगी दिली. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण ती ओळ मी स्वतःच्या हाताने टाईप केलीय.

मी ठाण्यातल्या एका छोट्या पेपरात काम करते, राहते डोंबिवलीत. पक्षांना देणग्या देणाऱ्यांच्या याद्या जाहीर होतात, पण अशा, की कुणी वाचूच नयेत. वाकडे स्कॅन केलेले कागद, पुसट अक्षरं, रकाने एकमेकांत घुसलेले. कॉम्प्युटरला ते धड वाचता येत नाहीत. मग एकेक ओळ बघून एक्सेलमध्ये उतरवायची आणि सगळं पत्त्याप्रमाणे लावायचं. एकाच पत्त्यावर खूप देणगीदार दिसले, की समजायचं, इथे पाणी मुरतंय. संपादक म्हणायचे, अगं, त्यापेक्षा खड्ड्यांवर लिही, लोक वाचतात. मी म्हणायचे, खड्डे लोकांना दिसतातच की, त्यासाठी मी कशाला पाहिजे?

तर त्या यादीत कळव्याची एक चाळ आली. आमचीच. मी तिथेच वाढले आणि आई अजून तिथेच राहते. चाळ पाडून बिल्डिंग व्हायची आहे, बिल्डर ठरलाय, खोलीवाल्यांचे करारनामे तेवढे बाकी होते. बारा खोल्या, बारा देणगीदार, प्रत्येकी पंचवीस हजार. पॅन नंबरच्या रकान्यात सगळीकडे नुसती रेघ. त्यातल्या एक काकू पोळ्या लाटून देतात, एक काका रिक्षा चालवतात. हे लोक पक्षाला पंचवीस हजार देणार? काहीतरीच.

नवव्या ओळीवर वडील होते. ते नाव टाईप करून मी दहाव्या ओळीवर गेलेलेसुद्धा. शाळेपासून प्रत्येक फॉर्मवर स्वतःच्या नावापुढे तेच लिहीत आलेय, बोटांना सवय. मग हात थांबले. गणपतीची वर्गणीसुद्धा पावती हातात आल्याशिवाय न देणारा माणूस, आणि हा?

कसं झालं, ते कळायला मला फार वेळ लागला नाही. आमच्याकडे माणूस जातो, पण लाईट बिलावरचं नाव जात नाही. नाव बदलायचं म्हणजे मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, स्टॅम्पपेपर आणि वर खेटे. आईला मी किती वेळा सांगितलं असेल. ती म्हणायची, बिल येतंय, मी भरतेय, कोणाचं काय अडलंय? बिल्डरच्या माणसांनी खोलीवाल्यांची यादी लाईट बिलांवरून केलेली. तीच यादी, त्याच क्रमाने, देणगीदार म्हणून पक्षाच्या कागदावर चढलेली. म्हणजे पैसे बिल्डरचे, नावं आमची. यातलं कोण जिवंत आहे, एवढं विचारायचे कष्टही कुणी घेतले नव्हते. मला आधी हसू आलं. मग असा संताप आला, की मी खुर्चीवरून उठून जिन्यात जाऊन उभी राहिले.

चाळीत जाऊन विचारलं. आम्ही छदामही दिलेला नाही, असं अकराही घरांनी सांगितलं. पक्षाच्या ऑफिसला आणि बिल्डरला मी प्रश्न लिहून पाठवले, कारण तसा नियमच आहे. पुढच्या चार दिवसांत बिल्डरचा माणूस घरोघरी टाईप केलेली पत्रं घेऊन फिरला. देणगी आम्ही स्वखुशीने दिली, असं त्यात लिहिलेलं. अकराही घरांनी सही केली. मी भडकले, पण करणार काय? नव्या घराची चावी त्याच्या हातात होती. आता सही करू न शकणारा देणगीदार एकच उरला होता.

म्हणून बिल्डरचा तो माणूस रविवारी आईकडे आला. मी तिथेच होते. त्याने बाराव्या पत्रात मजकूर बदलून आणलेला: पतीच्या नावाने ही रक्कम मी दिली. बोलायला अगदी गोड. म्हणाला, काकी, खोली काकांच्या नावावर आहे, वारसाचे कागद आम्हीच करून देणार आहोत. सही झाली की तुमची फाईल पुढे. नाही झाली, तर बघावं लागेल.

खरं सांगते, मी घाबरले. आईची चाळीस वर्षं त्या खोलीत गेलीत. मी तिला म्हटलं, आई, कर सही, बातमी काय, दुसरी मिळेल.

आईने माझ्याकडे असं बघितलं, की लहानपणी बघायची तसंसुद्धा नाही, त्याहून वाईट. मग गॅलरीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या माणसाला म्हणाली, "पैसे ह्यांनी दिलेत ना? मग सही ह्यांचीच घ्या. स्मशानाचा रस्ता माहितीय, की पोरगी दाखवू?"

तो गेला. आईने आतून मृत्यूचा दाखला आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, छाप. वर हेही म्हणाली, की पुन्हा मला सही कर म्हणालीस तर बघ.

आम्ही छापलं, दाखल्याच्या फोटोसकट. पक्षाने नजरचूक झाली म्हणून कळवलं. अकरा करारनामे झाले, आईचा अडकलाय. वारसाच्या कागदांसाठी आता आम्ही दोघी खेटे घालतोय. चाळीत बरेच जण आईशी बोलत नाहीत, तिच्यामुळे आपलंही काम लटकेल म्हणून. मला याचा राग येतो, आणि त्यांची भीतीही कळते. पण पश्चात्ताप? नाव नको.

मागच्या आठवड्यात मी आईकडे गेलेले, तेव्हा पोळ्यावाल्या काकू दारात आल्या. बऱ्याच दिवसांनी आलेल्या. उंबऱ्यातूनच हळू विचारलं, "काकी, आपण सही केलेलं पत्र परत मिळतं का हो?"

"मिळत नसतं," आई म्हणाली. "मागायला लागतं. उद्या अकराला त्यांचं ऑफिस उघडतं. मी येते बरोबर."