वाकडा आठ

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरातल्या मोटार कारखान्यात वेंडेल कुझ्नियाकने एकतीस वर्षं एकच काम केलं: इंजिनावर हातोडीने नंबर ठोकायचं. सोमवारी रविवारची बिअर उतरलेली नसायची, त्यामुळे आठचा आकडा हमखास वाकडा पडायचा.

म्हातारपणी त्याने आपली १९७० सालची गाडी विकायला काढली. इंजिन मूळचंच असलं की असल्या गाड्यांना दुप्पट भाव येतो आणि ते इंजिनावरच्या नंबरावरून ओळखतात, म्हणून गिऱ्हाइकाने सोबत एक तज्ज्ञ आणला. तो भिंग लावून इंजिनावर ओणवा झाला आणि नाक मुरडून म्हणाला, "आठ तिरका आहे. नंबर नकली. अर्धीच किंमत द्या."

वेंडेलचं डोकं सणकलं. "अरे शहाण्या, कारखान्यात तेव्हा नंबर मीच ठोकायचो!"

"काका, कारखान्यातली माणसं असलं गचाळ काम करत नव्हती. मी त्यांच्यावर पुस्तक लिहिलंय. तुमच्या शेजारच्या लायलची गाडी बघा, कालच तपासली मी. आठ कसा ताठ उभा आहे! याला म्हणतात अस्सल."

वेंडेलने बॉनेट खाली आपटलं. लायलने ते इंजिन गेल्याच वर्षी भंगारातून आणलं होतं. नंबर ठोकून दिला होता वेंडेलनेच, डॉक्टरांनी बिअर बंद केल्यावर.