काँटेसातला गारवा

विसरवाडीच्या चौफुलीवर सॅम्युअल गावितचं गाड्यांच्या एसीचं दुकान आहे. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक जुनाट पंप! पण मेलेला एसी जिवंत करावा तो सॅम्युअलनेच, असं ट्रकवाले सांगायचे, आणि ते ऐकून गडी जरा जास्तच फुगला होता.

पितांबरआप्पा पाटलांची जुनी काँटेसा आली आणि त्याची पंचाईत झाली. गाडी म्हातारी पण चकचकीत. एसी मात्र कित्येक वर्षं बंद. आप्पांच्या बायकोचं, भिकुबाईंचं, हृदयाचं ऑपरेशन सुरतेला ठरलं होतं. उन्हाची झळ लागली की त्या जागीच कोसळत.

"तिले सुरतले गारवामा लई जानं शे, सॅम्युअल," आप्पा म्हणाले.

"होई जाई, आप्पा!" हा छातीठोकपणे बोलून बसला.

त्याने कॉम्प्रेसर उघडला, धुतला, सील बदलले, आतला उंदरांचा संसार बाहेर काढला. सगळं जमलं आणि गॅसवर अडलं. इतक्या जुन्या एसीचा गॅस आता मिळत नाही. नवा भरायचा तर सगळ्या नळ्या बदलायच्या, आणि त्या वेळेत येणार नव्हत्या. दिलेला शब्द कसा मोडायचा? त्याने घरून बायकोची, एस्तेरची, स्वयंपाकाच्या गॅसची टाकी आणली आणि ती ओरडत असताना तोच गॅस एसीत भरला.

अशी गार हवा आली म्हणता! मग नळ्यांवर साबणाचा फेस लावून पाहिला, तर डॅशबोर्डखालच्या रबरी नळीवर एक बुडबुडा हळूच फुगला. नळी गळत होती. तरी त्याने तो अंगठ्याने पुसला, वास लपवायला मोगऱ्याचा सेंट टांगला आणि सुरतेपर्यंत टिकेल अशी मनाची समजूत घातली.

सकाळी आप्पा भिकुबाईंना रिक्षाने घेऊन आले. बाई पुढे बसल्या, काच वर केली आणि पिशवीतून कापूर अन् काडेपेटी काढली. निघताना गाडीत कापूर लावायचा हा पाटलांच्या घरचा रिवाज. सॅम्युअलच्या घरी प्रवासाआधी नुसते डोळे मिटून प्रार्थना करतात. काडीचा विचार त्याच्या डोक्यात आलाच नव्हता!

"माय, नही! काडी नको!"

त्याने दार उपटल्यागत उघडलं, काडेपेटी हिसकावली आणि बाईंना धरून बाहेर आणलं. चहाच्या टपरीवरची माणसं धावली. त्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, "आप्पा, मी त्यामा चुलीना गॅस भरेल शे. नळी गळस, मले माहीत व्हतं."

आप्पांचा हात उगारला गेला आणि तसाच राहिला. बाई मात्र रिक्षाच्या सावलीत बसून धापा टाकत त्याच्याकडे बघत राहिल्या.

"आखो दुसरी कोन्ही गाडीमा असा गॅस भरेल शे का रे?"

सॅम्युअलने खिशातून फोन काढला. "एक शे, माय. खांडबाराना नवनीतनी. ती गाडी तो लग्नाले भाड्यानी देस."

"आज तर लग्नं शेत," बाई म्हणाल्या.

सॅम्युअलने नवनीतला फोन लावला. रिंग वाजत होती, कोणी उचलत नव्हतं. खांडबाऱ्याला निघायला मोटरसायकलला किक मारतानाही फोन त्याच्या कानालाच होता.