डोक्याभोवतीचा दोरा
कळमनुरीच्या बाजारात, लेकरांच्या कमरेला बांधायच्या काळ्या करदोड्यांचा जुडगा टांगलेला दिसला की माझी बोटं आजही चाळवतात. धाकटा नुकताच झाला होता, त्याच्या टाळूवर करडईचं तेल घालताना बोट मागे घसरत गेलं आणि हाड लागेचना, बोटभर रुंद मऊ फटच लागत राहिली. हिंगोलीच्या डॉक्टरांनी टेपनं डोकं मोजलं. म्हणाले, “हाडं जुळतील हळूहळू. डोकं फार भराभरा वाढलं तरच काळजी. महिन्यानं दाखवा.” महिनाभर थांबायचं कसं? परतताना जीपच्या प्रत्येक आदळण्याला मी ते डोकं दोन्ही तळव्यांत धरून बसले. घरी टेप नव्हता, म्हणून करदोड्याचा उरलेला दोरा लेकराच्या डोक्याभोवती लावायचा आणि मापाला गाठ मारायची, असं सुरू केलं. दोरा कधी सैल बसायचा, कधी ताठ; डोकं सकाळी वाढायचं आणि दुपारी घटायचं. सासूबाईंनी एकदा पाहिलंच. “काहून मोजून राहिलीस? मोजल्यानं लेकरू वाढत न्हाई.” “डोकं वाढू नये म्हणूनच मोजून राहिले, आत्याबाई!” मी ओरडलेच. त्यांनी माझ्या हातातून दोरा घेतला, एकेक गाठ सोडवली आणि तो लेकराच्याच कमरेला बांधून टाकला. महिन्यानं डॉक्टर म्हणाले, सगळं बराबर आहे. आता तो सुट्टीला येतो, पाया पडायला वाकतो आणि आशीर्वादाआधी माझं बोट त्याच्या टाळूवरून मागे सरकतं. “काय हुडकून राहिलीस, आई?” “काही न्हाई,” म्हणते आणि पुन्हा एकदा चाचपते.