वरच्या मजल्यावर फॅमिली रूम

प्रागमधल्या ऐंशी बारांवर मी लिहिलं, तेव्हा मी एकाही बारची पायरी चढले नव्हते. प्रागच्या नाही आणि बंगळूरच्याही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला तोंडावर हात ठेवायला नको.

बंगळूरच्या इंदिरानगरात एक छोटी कंपनी आहे. युरोपात फिरायला जाणाऱ्यांसाठी ती माहितीची पानं लिहून घेते. मी तिथे लागले तोवर चर्च आणि संग्रहालयं वाटून संपली होती. माझ्या पानात बार आणि नाईटक्लब पडले. पंधरा वर्षं घरात काढून पुन्हा नोकरीला निघालेल्या बाईला निवड करायला कोण देतं? सहा महिने बघू, मग कायम करायचं की नाही ते ठरवू, असं साहेब म्हणाला. साहेब पुण्याचा, वय एकोणतीस, मला ताई म्हणायचा. मला ती नोकरी हवी होती. 'तुम्ही काय करता?' असं कुणी विचारलं की पंधरा वर्षं मी 'काही नाही' म्हणत आले होते. त्या 'काही नाही'चा मला वीट आला होता.

घरी मात्र पंचाईत. मी मूळची साताऱ्याची, लग्न होऊन इथे मल्लेश्वरमच्या घरात आले. हे लोक साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले ते परत गेलेच नाहीत. सासऱ्यांना सगळी आळी अण्णा म्हणते. वय ब्याऐंशी, भूमापन खात्यातून निवृत्त, चांगलं मराठी बोलता बोलता मध्येच कन्नड मिसळून 'स्वल्प थांब', म्हणजे जरा थांब, म्हणणारे. सासूबाई जाऊन चार वर्षं झाली, तेव्हापासून सकाळी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी मी, एवढंच त्यांना वाचायला उरलंय. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "कशावर लिहितेस?" आणि माझ्या तोंडून 'चर्च' निघून गेलं. नवऱ्याला खरं ठाऊक होतं. "अण्णांना तूच सांग," म्हणून तो मोकळा झाला. अशा बाबतीत नवरे फार उदार असतात. अण्णांनी मात्र इथल्या मराठी समाजाच्या सभागृहात दवंडी पिटली: आमची सून युरोपातल्या चर्चांवर लिहिते.

आता माझी कामाची रीत सांगते. बाकीची मुलं फोटो बघायची, लोकांची मतं वाचायची आणि लिहून मोकळी व्हायची. मी फोन करायची. आमच्याकडे चार वाजले की तिकडे सकाळची झाडलोट चाललेली असते, माणसं निवांत सापडतात. पायऱ्या किती? कठडा आहे का? खुर्चीला पाठ आहे का? बाथरूमला आतून कडी लागते ना? आणि सगळ्यात शेवटी: तुमच्याकडे फॅमिली रूम आहे का?

ज्याने बंगळुरात चार दिवस काढलेत त्याला हे समजावून सांगायला नको. मल्लेश्वरमपासून यशवंतपूरपर्यंत ज्या ज्या बारवरून मी भाजीची पिशवी घेऊन मान खाली घालून गेले, त्या प्रत्येकावर पाटी असते, फॅमिली रूम वरच्या मजल्यावर. बाण काढलेला. पिणाऱ्यांनी खाली प्यायचं, बायकामुलांनी जिन्याने वर जाऊन गोबी मंचुरियन खायचं. मला वाटलं, बार म्हटला की हे असणारच. प्रागचे लोक फोनवर गप्प व्हायचे. मी खोदून विचारायची, "बायका-मुलं बसतील अशी वेगळी खोली हो!" एका नाईटक्लबवाल्याने मी तिसऱ्यांदा विचारल्यावर वैतागून सांगितलं, दाराशी डाव्या हाताला एक खोली आहे. मी लिहिलं: फॅमिली रूम आहे, दाराशी डावीकडे.

ती कोट टांगायची खोली होती.

हे मला कळलं ते पाचव्या महिन्यात. एक अख्खं कुटुंब, आजी, आईवडील आणि दोन मुलं, माझं पान वाचून त्या क्लबात गेलं. दारावरच्या माणसाने पान बघितलं, डोकं खाजवलं आणि सगळ्यांना डावीकडे बसवलं. शंभरेक ओव्हरकोटांमध्ये ती मंडळी तासभर संत्र्याचा रस पीत बसली. मग घरी जाऊन त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. पत्रात माझ्याबद्दल जे होतं ते मी इथे लिहीत नाही.

साहेबाने मला आत बोलावलं. "ताई, सीरियसली? नाईटक्लबमध्ये फॅमिली रूम?"

"का, नसते?"

"जगात कुठेही नसते!"

"मल्लेश्वरमला असते," मी म्हणाले. माझंही डोकं फिरलं होतं.

त्याने कपाळाला हात लावला. "ताई, खरं सांगा. तुम्ही कधी बारमध्ये गेलायत?" मी टेबलावरचं ते पत्र उलटं करून ठेवलं. मग तो हळूच म्हणाला, "शुक्रवारपर्यंत तो रकाना सगळ्या पानांवरून काढा. आणि एका तरी खऱ्या बारमध्ये जाऊन, बघून, एक पान लिहून आणा. नाहीतर मी तुम्हाला कायम नाही करू शकणार. सॉरी." दिवस बुधवारचा होता.

घरी आले तर अण्णा परातीत भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे आपले पावट्याचे दाणे, चिमटीत दाबून सोलत बसलेले. "आज कुठलं चर्च?" त्यांनी विचारलं. झालं! माझा बांध फुटला. "अण्णा, चर्च नाही हो! बार! ऐंशी बार, नाईटक्लबसकट! आणि आता नोकरी जातेय!"

एक दाणा टुणकन उडून टीव्हीखाली गेला. अण्णांनी परात बाजूला सरकवली. मी मनात म्हटलं, संपलं, आता समाजात तोंड दाखवायला जागा नाही, माझ्यापायी यांनाही नाही.

"ऐंशी?" अण्णा म्हणाले. "त्यातले बघितलेस किती?"

"एकही नाही."

मग ते भडकले. असं भडकलेलं मी त्यांना बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. "जागेवर न जाता लिहिलंस? चाळीस वर्षं नोकरी केली मी. पाय लावल्याशिवाय नकाशावर एक रेघ ओढली नाही! चर्च असो, बार असो, जागा न बघता लिहायचं म्हणजे काय? लाज नाही वाटली?" मी खोटं बोलले त्याबद्दल अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी तीन वाजता ते कोट घालून, छत्री घेऊन दारात उभे. "चल. सरी, निघू." सरी म्हणजे ठीक.

मॅजेस्टिकला मेट्रो बदलून आम्ही इंदिरानगरला उतरलो. पहिला दिसला त्या बारच्या दारात अण्णा थांबले, कोटाच्या खिशातून खात्याच्या काळातली फीत काढली आणि पायरीची उंची मोजली. "सात इंच. लिहून घे." मी वही काढली. आत गेल्यावर त्यांनी खुर्चीची उंची मोजली, दोन टेबलांमधलं अंतर मोजलं, बाथरूमची कडी तीनदा लावून पाहिली. गल्ल्यावरचा माणूस आधी हसत होता, मग हसेनासा झाला. कोटातला म्हातारा, फीत, वहीत भराभर लिहिणारी बाई. त्याने ओळखलं, हे एक्साइजवाले! मॅनेजर धावत आला, परवान्याचा कागद उघडून उभा राहिला, सोबत शेंगदाण्याच्या दोन बशा. अण्णांनी परवाना चष्मा लावून पूर्ण वाचला, कारण वाचायला मिळालेलं ते काहीही सोडत नाहीत. मग कन्नडमध्ये विचारलं, "फॅमिली रूम आहे का?"

"आहे ना सार, वर!"

अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं. खरं सांगते, मला तेव्हा साहेबाला फोन करून तो 'वर' ऐकवावासा वाटला.

वर खिडकीशी बसलो. दोन लिंबू सोडे आले. शेजारच्या टेबलावर दोन बायका भेळ खात खिदळत होत्या, त्यांच्याकडे कुणी बघत नव्हतं. अण्णा खोली बघत राहिले, भिंती, पंखे, सगळं. मग फीत गुंडाळत म्हणाले, "तुझ्या सासूला आतून बघायचं होतं. संपिगे रोडने बाजाराला जाताना दर वेळी विचारायची, आत काय असतं हो? मी म्हणायचो, चांगल्या घरच्यांनी विचारू नये." त्यांनी फीत कोटाच्या खिशात टाकली. "मलाच ठाऊक नव्हतं गं. इथे बसली असती ती. काय बिघडलं असतं?"

मला एकदम रडू आलं आणि सोडा नाकात गेला. मॅनेजर पाणी घेऊन धावला.

शुक्रवारी मी रकाना काढला नाही. त्याचं नाव बदललं: पहिल्यांदा येणाऱ्याने कुठे बसावं. पायऱ्या, पाठ, कडी, दारू नको असेल तर काय मिळतं, एकट्या बाईला कुठलं टेबल बरं. गुरुवारी संध्याकाळी आणि शुक्रवारी फोन करकरून प्रागच्या बारा बारांचं नीट लिहिलं, खोली कोटांची आहे का तेही विचारून घेतलं, उरलेल्यांचा रकाना तूर्त कोरा ठेवला. इंदिरानगरचं पान वर जोडलं. साहेबाने वाचलं, परत वाचलं. "माझ्या आईला घेऊन जायचं म्हटलं तर मला हेच हवं असेल," तो म्हणाला. सोमवारी कायम झाल्याचं पत्र मिळालं. अण्णांनी ते मोठ्याने वाचलं, दोनदा.

मग संक्रांत आली. समाजाच्या सभागृहात तिळगूळ आणि एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इकडची तीळ-गुळाची मिसळण, दोन्ही वाटत होते. कुणीतरी कौतुकाने विचारलं, "काय अण्णा, सूनबाईंचं सध्या कुठलं चर्च?" मी वाटी घट्ट धरली.

"चर्च नव्हे," अण्णा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बार. ऐंशी आहेत. आणि आता न बघता लिहीत नाही ती."

पुरुषांच्या बाजूला कुणी खोकलं. मी बायकांच्या रांगेत हळदीकुंकवाला पुढे झाले तर सगळ्यांच्या माना खाली. वाटलं, घ्या, हेच व्हायचं राहिलं होतं. तेवढ्यात पहिल्या खुर्चीवरच्या अक्कांनी माझा हात धरला. पंच्याऐंशीच्या असतील, सासूबाईंच्या मैत्रीण. मला खाली ओढून कानाशी म्हणाल्या, "आत काय असतं गं?"

शेजारचीने कान पुढे केला. मग तिच्या शेजारचीने.

शनिवारी चार वाजता वरच्या मजल्यावर नऊ खुर्च्या सांगून ठेवल्यात. पाठ असलेल्या.