चार शब्द बोलणारी माणसं

निवृत्त झालो त्या दिवशी मला एक शाल, एक नारळ आणि पुष्कळ सल्ले मिळाले. शाल बायकोनं कपाटात ठेवली, नारळाची चटणी झाली, सल्ले मात्र संपेनात. माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत माझी सगळी नोकरी गेली. शेतकरी पिशवीत माती आणायचे, आम्ही ती चाळून, तपासून तिच्यात काय कमी आहे ते सांगायचो. आता माझ्यात काय कमी आहे ते सगळं जळगाव मला सांगू लागलं. छंद कमी आहे, मित्र कमी आहेत, अध्यात्म कमी आहे. शेजारी म्हणाले, पहाटे बागेत या, आपल्या वयाचं मंडळ आहे, वेळ कसा जातो कळत नाही.

वेळ कसा जातो ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मंडळाचे सभासद आधी गोल उभे राहून हसायचे. कशाला हसायचं ते कुणाला ठाऊक नसे. अध्यक्ष "हा" म्हणाले की सगळे हा हा करत. ते पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या हातवाऱ्यांवर त्यांच्यापेक्षा मोठे माजी अधिकारी हसत. नंतर बाकावर बसून महागाई भत्त्याच्या फरकाची चर्चा. मग प्रत्येकानं मोबाईलवर प्रत्येकाला गुलाबाचं फूल पाठवायचं. ज्याला पाठवायचं तो शेजारीच बसलेला असे. ओळख करून देताना कुणी गाव सांगत नसे, घर सांगत नसे, हुद्दा सांगत असे. एका गृहस्थानं मला स्वतःचं नाव सांगितलंच नाही, "मी वर्ग दोन" एवढंच म्हणाले.

मी सोनगीरजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी धुळ्याला शिकलो तो आईनं दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचला म्हणून, आणि शाळेतल्या एका गुरुजींनी वडिलांना ओट्यावर बसून समजावलं म्हणून. त्या उपकाराखाली मी अजून आहे, आणि राहावं असं मला वाटतं. म्हणूनच शिकलेल्या माणसानं आपल्या शिक्षणाचं असं मातेरं केलेलं पाहवत नाही. एवढ्या पुस्तकांतून, परीक्षांतून, खात्यांतून पार पडून माणूस शेवटी बागेत "हा हा" करतो, यासाठी कुणाच्या आईनं कापूस वेचला नव्हता.

पण हसणं परवडलं. या मंडळाचा खरा उद्योग दुसराच होता. तो स्मशानात चाले.

आमच्या गावी कुणी गेलं की माणसं दारावर जाऊन बसतात. फारसं कुणी बोलत नाही. म्हातारा माणूस एवढंच म्हणतो, "ऊठ, भाकर खाय." शहरात मात्र अग्निडाग दिला, की लोक पायऱ्यांवर बसतात आणि कुणीतरी पुढे होऊन श्रद्धांजलीचे चार शब्द बोलतो. हे चार शब्द बोलायची मक्तेदारी आमच्या मंडळाकडे होती. सकाळी बाकावर वर्तमानपत्र उघडलं, की आधी निधनाच्या बातम्या पाहिल्या जात. "अकराला निघणार म्हणतात," अध्यक्ष सांगत आणि चेहऱ्यावर असं तेज येई, की लग्नाची पत्रिका आली असं वाटावं. कोण आधी बोलणार, कोण नंतर, यावर रुसवेफुगवे होत. अध्यक्षांच्या खिशात घडी केलेला एक कागद कायम असे. त्यात नाव घालायची जागा मोकळी होती.

नानांची आणि माझी गाठ या मंडळात पडली, आणि आम्ही दोघं एकदमच त्यातून बाहेर पडलो. नाना माझ्यापेक्षा वयानं बरेच मोठे, शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. लोक त्यांना म्हणत, आता लहान मुलांचा चित्रकलेचा क्लास काढा. नाना म्हणत, "जन्मभर आंबा काढायला शिकवला. आता खाऊ द्या."

त्यांच्या पत्नी गेल्या त्या ऐन मे महिन्यात. मंडळातले सगळे गेलो होतो. नाना अंगावर ओलं धोतर घेऊन चितेजवळ उभे होते. अध्यक्षांनी कागद काढला. वहिनींनी सरांना आयुष्यभर मोलाची साथ दिली, असं सांगून त्यांनी स्वतःच्या नोकरीतल्या एका बदलीची हकिकत सुरू केली. तिथून ते ग्रामस्वच्छतेवर आले, आणि ग्रामस्वच्छतेवरून पेन्शनरांच्या वार्षिक सभेवर. सभेला सर्वांनी वेळेवर यावं, जेवणाची सोय आहे. नानांचं धोतर अंगावरच वाळलं. शेवटी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं, ते अध्यक्षांनी घड्याळ न बघता अर्ध्यात उरकलं, कारण त्यांना दुसरीकडेही पोचायचं होतं.

त्यानंतर नाना बागेत आले नाहीत. मीही जाणं सोडलं. एके दिवशी बसस्टँडवर भेटले. हातात रिकामी पिशवी.

"कुठे निघालात नाना?"

"जामनेरला. बाजार आहे."

"जळगावात भाजी मिळत नाही का?"

"मिळते. पण इथे सगळे ओळखतात. येता का?"

तेव्हापासून आमचं ठरून गेलं. ज्या गावचा आठवडे बाजार, त्या गावची एसटी. माझं तिकीट पूर्ण, नानांना वयामुळे फुकट. "सरकारनं मला फुकट केलंय," ते म्हणत. बाजारात हिंडायचं, भजी खायची, थोडी भाजी घ्यायची, परत यायचं. नानांचा एकच नियम होता. बाजारात आपण कोण होतो ते कुणाला सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर "बाजार करतो" म्हणायचं. हा नियम ऐकायला सोपा वाटतो. पाळायला किती अवघड ते मला जामनेरलाच कळलं. एक शेतकरी दुसऱ्याला सांगत होता, की शेत चोपण झालंय, पाणी मुरत नाही, पीक पिवळं पडतंय. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी मातीचा सामू, क्षार, निचरा सगळं सुरू केलं. भोवती माणसं जमली, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटू लागलं. तेवढ्यात नानांनी माझी बाही ओढली.

"भाऊ," ते हळूच म्हणाले, "कागद खिशात आहे का?"

मी गर्दीतून बाहेर आलो. परतीच्या बसमध्ये त्यांनी मला पेरू कापून दिला आणि त्यावर पुन्हा कधी बोलले नाहीत.

एकदा आम्ही माझ्या मुलखात, सोनगीरला गेलो. तांब्या-पितळेच्या दुकानात नानांनी एक तांब्या बोटानं वाजवून घेतला. दुकानदारानं मला विचारलं, "बठ्ठं ठीक शे ना भाऊ?" आणि मी कित्येक वर्षांनी आईच्या बोलीत उत्तर दिलं. बागेतल्या बाकावर मी आयुष्यभर बसलो असतो तरी ते तोंडून निघालं नसतं.

त्या परतीच्या प्रवासात नाना खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "माझ्या वेळी त्या माणसानं बोलायचं नाही. कुणीच बोलायचं नाही. हे तुम्ही बघायचं."

"आणि मी आधी गेलो तर?"

"मग मी बोलेन तुमच्यावर. तासभर. वार्षिक सभेचंही सांगेन."

आम्ही हसलो. पण उतरताना त्यांनी माझा दंड धरला आणि पुन्हा विचारलं, "बघाल ना?" मी हो म्हणालो.

नाना थंडीच्या दिवसांत गेले, सकाळी चहा घेता घेता. मुलगा दुपार कलता कलता पुण्याहून पोचला. मी गेलो तेव्हा अंगणात अध्यक्ष खुर्चीवर बसून फोनवर कुणालातरी वेळ सांगत होते. मी मुलाला बाजूला घेतलं.

"नानांनी सांगून ठेवलंय, स्मशानात कुणी बोलू नये म्हणून."

तो थकलेला होता. म्हणाला, "काका, त्या अध्यक्षांनी सगळं ठरवलंय. तिघं बोलणार आहेत. आता नाही कसं म्हणू? उद्या लोक म्हणतील, एवढा शिक्षक माणूस गेला, मागे कुणी चार शब्द बोललं नाही."

"तुझ्या आईच्या वेळी बोलले होते. काय बोलले आठवतं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. आठवत नव्हतं. पण तेवढ्यात बांबू आले आणि त्याला हाक मारली.

मग मी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"असं प्रत्येकजण म्हणतो," ते म्हणाले. "संकोची माणसं असतात. आपण समजून घ्यायचं असतं."

स्मशानात जाईपर्यंत मी रस्ताभर एकच विचार करत होतो. मुलगा तयार नाही, अध्यक्ष ऐकत नाहीत, आणि मी शब्द दिलाय. हातातला कागद हिसकावून घेणं मला जमणार नव्हतं. माझ्या स्वभावात ते नाही. अग्निडाग झाला. लोक पायऱ्यांवर बसले. अध्यक्षांनी घसा साफ केला, खिशात हात घातला, चष्मा चढवला. त्यांना चष्म्याला जेवढा वेळ लागला तेवढाच मला मिळाला. मी उठून त्यांच्या पुढे जाऊन उभा राहिलो.

"नानांनी सांगितलं होतं, की त्यांच्यावर कुणी बोलू नये," मी म्हणालो. "त्यामुळे कुणी बोलणार नाही. बसायचं त्यांनी बसा, जायचं त्यांनी जा."

आवाज माझा वाटला नाही. पण मी तिथून हललो नाही. अध्यक्ष हातात उघडा कागद घेऊन माझ्या मागे उभे होते, आणि माझ्या अंगावरून बोलणं त्यांना बरं दिसलं नसतं. थोड्या वेळानं घडी घातल्याचा आवाज आला.

मग जे झालं ते मंडळाच्या सभासदांना अजिबात पेलवेना. कुणी "बसा" म्हणत नव्हतं, कुणी "दोन मिनिटं" म्हणत नव्हतं. नुसतं बसायचं कसं, हे या शिकलेल्या माणसांना ठाऊकच नव्हतं. एकानं मोबाईल काढला, पुन्हा ठेवला. वर्ग दोन घड्याळाकडे पाहू लागले. लाकडं तडकत होती, तेवढाच आवाज. नानांचा मुलगा आल्यापासून सगळ्यांशी नीट बोलत होता, नमस्कार करत होता. तो खाली उकिडवा बसला आणि रडू लागला. त्याला कुणी उठवलं नाही.

बाहेर पडताना अध्यक्षांनी मला गाठलं. मला वाटलं, आता ऐकवणार.

"छान बोललात," ते म्हणाले. "थोडक्यात. फक्त सुरुवातीला स्वतःचा परिचय द्यायचा राहिला. तुम्ही कुठल्या खात्यातून, ते लोकांना कळायला हवं."

मी नमस्कार करून रस्त्याला लागलो.

पुढच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. मी तेव्हा जामनेरच्या गाडीत चढत होतो.

"भाऊ, उद्या अकराला एक आहे. या. परवाची तुमची पद्धत लोकांना फार आवडली. वेगळं वाटलं. माझं झालं, की शेवटी तुम्ही उठायचं आणि ते म्हणायचं, कुणी बोलू नये वगैरे."

"तुमचं झाल्यावर?"

"हो. म्हणजे समारोपाला."

"कोण गेलं?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "नाव बघून सांगतो. पण आपलेच आहेत."

मी फोन बंद केला आणि खिडकीजवळ बसलो. आमच्या वयाच्या माणसांपुढे दिवस मोकळे पडलेले असतात, ते कशानं भरावेत असं मला अजूनही लोक विचारतात. कशानं भरू नयेत ते मला आता पक्कं माहीत आहे. बाकीचं मी शोधतोय.

जामनेरच्या बाजारात भरताची हिरवी वांगी आली होती. नाना ज्या बाईकडून घ्यायचे तिच्यापुढे मी पिशवी धरली. ती वांगी काट्यावर टाकत माझ्या मागे पाहू लागली.

"तुमचे ते दुसरे बाबा कुठी हायेत?"

"गेले," मी म्हणालो. "मागच्या आठवड्यात."

तिचा हात थांबला. तिला नानांचं नाव माहीत नव्हतं, शाळा माहीत नव्हती, ते कोण होते ते आम्ही कधी सांगितलंच नव्हतं.

"लय घासाघीस करे," ती म्हणाली. "पन घेऊनच जाये."

तिनं माझ्या पिशवीत एक वांगं जास्तीचं टाकलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगितला.